भिंतीतलं आधी, फळीवरचं नंतर

(पुण्याहून आलेल्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्रलेखक ३३ वर्षांचे, सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतात. पत्नी शिक्षिका. दोघांनी मिळून धायरीत पहिलं घर घेतलं. टू बीएचके, ५५ लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, महिन्याला ४६ हजारांच्या आसपास हप्ता. ताबा मिळून दोन महिने झाले, भोगवटा प्रमाणपत्र आलं, किल्ल्या हातात आहेत. तरी दोघं अजून कोथरूडच्या भाड्याच्या घरातच आहेत आणि तिथलं २२ हजार भाडं चालूच आहे. कारण घरात काय बसवायचं ते ठरत नाही. लेखकांना तंत्रज्ञानाच्या बातम्या रोज वाचायची सवय आहे. वाय-फाय ६ चा राउटर घेतला, मग त्याच्या पुढच्या पिढीबद्दल, ७ बद्दल, वाचून परत केला. आईसाठी बोटाच्या ठशाचं कुलूप घ्यायचंय, पण ते ‘मॅटर’ला, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं जोडणाऱ्या नव्या पद्धतीला, चालणारं हवं म्हणून थांबलेत. ‘आज घेतलेलं सहा महिन्यांत जुनं होईल, आणि पहिल्याच घरात चुकीचं काही लावलं तर कायमचं गळ्यात पडेल,’ ही त्यांची भीती. पत्नीला तंत्रज्ञानात रस नाही, ती फक्त घाई करते, असं ते म्हणतात. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, “बातम्या संपल्या की सांग, मी बॅगा भरते.” तेव्हापासून घरात अबोला आहे. यादी नीट कशी संपवायची, हा त्यांचा प्रश्न.

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबतची तुमची १३६ ओळींची यादी मी पूर्ण वाचली. मेहनत दिसते. राउटरचे अकरा पर्याय, कुलपांचे नऊ, प्रत्येकापुढे किंमत, वॉरंटी आणि ते कशाकशाशी जोडता येतं याची नोंद. पण स्वयंपाकाच्या ओट्यावर प्लग किती हवेत आणि कुठे, याची एकही ओळ त्यात नाही. गिझरचा पॉइंट नाही. एसीची नळी कुठल्या भिंतीतून बाहेर निघणार ते नाही. देवघराजवळचा दिवा नाही. तुमचं घोडं इथेच अडलंय असं मला वाटतं.

घरातल्या काही वस्तू भिंतीत जातात, काही फळीवर बसतात. वायरिंग, अर्थिंग, एसीची तांब्याची नळी, पाण्याची लाइन हे भिंतीतलं. एकदा गेलं की पंधरा-वीस वर्षं त्याला कुणी हात लावत नाही, आणि लावायचाच तर फोडाफोड, धूळ, नव्याने रंग. राउटर, टीव्ही, स्पीकर, कॅमेरा हे फळीवरचं. एका रविवारच्या दुपारी बदलता येतं. आता बातम्या कशाच्या येतात ते बघा. दर वर्षी जे नवं निघतं त्याच्याच येतात, म्हणजे फळीवरच्या वस्तूंच्या. अर्थिंगची बातमी कुणी देत नाही. त्यामुळे बातम्या वाचून केलेल्या यादीत जे सहज बदलता येतं त्याला शंभर ओळी मिळाल्या आणि जे बदलता येत नाही ते राहून गेलं. ‘कायमचं गळ्यात पडेल’ ही तुमची भीती खोटी नाही, फक्त तिचा पत्ता चुकलाय.

आम्ही पहिल्या घरात गेलो ते २००६ साली. तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी एसी म्हणजे खिडकीतलाच. पुढेमागे घेऊ म्हणून हॉलच्या भिंतीला चौकोनी भोक पाडून लोखंडी फ्रेम बसवून घेतली. एसी घ्यायची ऐपत आली तोवर स्प्लिट आले होते. ते भोक पुढे कितीतरी वर्षं प्लायवूडने बंद केलेलं होतं. पावसाळ्यात कडेकडेने ओल यायची, रंग फुगायचा. त्याच घरात आमच्या वायरमन काकांनी न सांगता एक काम केलं. मुख्य दरवाज्यापासून हॉलपर्यंत आणि हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत त्यांनी एक इंची रिकामा पाइप टाकला आणि आत नुसती बारीक तार सोडून ठेवली. कशाला, विचारलं तर म्हणाले, “आज काही नाही, पण उद्या काहीतरी ओढावं लागेलच की.” त्या पाइपातून आधी केबल टीव्हीची वायर गेली, मग टेलिफोनवरचं ब्रॉडबँड, आणि २०१८ मध्ये फायबर. तीनदा तंत्र बदललं, भिंतीला एकदाही छिन्नी लागली नाही. पुढे नेमकं काय येणार ते काकांना माहीत नव्हतं. काहीतरी येणार एवढं माहीत होतं, आणि तेवढं पुरलं.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे, ती तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत. इमारत मायवान पद्धतीची आहे. या पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, म्हणजे विटांची भिंत जवळपास नसतेच, सगळं काँक्रीट. या भिंती इमारतीचं वजन पेलतात, म्हणून त्या खोदायच्या नाहीत. बिल्डर नको म्हणतो ते बरोबरच आहे. पण बिल्डरने टीव्ही आणि टेलिफोनच्या पॉइंटसाठी ओततानाच पाइप सोडलेले असतात. वायरमनला सांगून ते कुठून कुठे जातात ते तपासा आणि त्यातून कॅट-६, म्हणजे इंटरनेटची केबल ओढून ठेवा. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र ती नेऊ नका. जिथे पाइपच नाही तिथे फॉल्स सीलिंगच्या वरून, नाहीतर स्कर्टिंगच्या वर केसिंग पट्टीतून नेता येते. दिसते थोडी, पण उद्या उचलून टाकता येते.

मायवानचा दुसरा परिणाम थेट तुमच्या राउटरवर होतो. राउटर वेगवेगळ्या पट्ट्यांवर सिग्नल सोडतो. काँक्रीटमधून २.४ गिगाहर्ट्झचा त्यातल्या त्यात जातो, ५ चा कमी, ६ चा त्याहून कमी. आणि वाय-फाय ७ चा ज्याच्यावर मोठा गाजावाजा आहे तो वेग बराचसा या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच अवलंबून आहे. म्हणजे तुमच्या घरात महागडा राउटर हॉलमध्ये ठेवून बेडरूमचं दार लावलंत, तर त्या जास्तीच्या पैशांतलं आत फारसं काही पोचणार नाही. त्यापेक्षा साध्या वाय-फाय ६ चे दोन डबे, एक हॉलमध्ये, एक आत, मधे कॅट-६ ची केबल, हे कितीतरी बरं चालेल. तुमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं असणार आहे, त्याला हे पुरून उरतं. वाय-फाय ६ चं प्रमाणन २०१९ मध्ये सुरू झालं, ७ चं जानेवारी २०२४ मध्ये, आणि ८ वर काम चालू आहे. नवा फोन जुन्या राउटरवर चालतो, जुना फोन नव्या राउटरवर चालतो. इथे गळ्यात पडण्यासारखं काही नाही. खरेदीच्या आधी एक करा. रिकाम्या घरात जा, हॉलमध्ये एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून ठेवा आणि दुसरा फोन घेऊन प्रत्येक खोलीत दार लावून फिरा. अर्ध्या तासात तुमच्या घराबद्दल जे कळेल ते कुठल्याच परीक्षणात लिहिलेलं नाही.

‘मॅटर’साठी थांबण्याचं बोलू. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून ॲपल, गूगल, ॲमेझॉन वगैरेंनी डिसेंबर २०१९ मध्ये हे काम जाहीर केलं. पहिली आवृत्ती आली ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्यात दिवे, प्लग, कुलपं होती. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंखे यायला ऑक्टोबर २०२३ उजाडलं. आवृत्त्या अजून निघतातच आणि निघत राहतील. तुम्ही स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहात. ‘आता हे पूर्ण झालं, आता घ्या’ असं त्या क्षेत्रात कुणी म्हटलेलं तुम्ही कधी ऐकलंय का?

बातम्या वाचणं सोडा असं मी म्हणणार नाही. ती तुमची आवड आहे, आणि घराला तिचा खरा उपयोग आहे. फक्त नव्या वस्तूंच्या जोडीला बंद पडलेल्या वस्तूंच्या बातम्याही वाचा. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा एक डबा मिळायचा, ३०० डॉलरचा, घरातले दिवे आणि कुलपं एकत्र चालवणारा. २०१४ मध्ये ती कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टने घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. लोकांच्या घरात एक निकामी डबा उरला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट दिवे-बटणांच्या कंपनीचे सर्व्हर असेच एकाएकी बंद झाले, ग्राहकांना आगाऊ सूचनाही नव्हती. पण त्या घरांमध्ये भिंतीवरचं बटण हाताने दाबलं की दिवा लागत होता. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्या यादीत एक नवा रकाना करा, ‘कंपनी बंद पडली, नेट गेलं, फोन चार्ज नाही, तर हे चालतं का?’ या रकान्यात ‘नाही’ आलं की ती ओळ खोडा. निम्मी यादी तिथेच आटोपेल.

कुलपाला हाच रकाना लावू. तुम्ही लिहिलंय की आई साताऱ्याकडून कायमच्या राहायला येणार आहेत, त्यांचा जन्म शेतात गेला, किल्ली हरवते म्हणून बोटाचं कुलूप. तुमच्या मनातली काळजी कळते. पण रेशन दुकानात त्यांचा अंगठा मशीनवर पटकन उमटतो का, हे त्यांना एकदा विचारा. मातीत आणि चुलीपुढे काम करून बोटांच्या रेषा झिजतात, आणि कितीतरी आज्या त्या मशीनसमोर चार-चारदा अंगठा पुसून पुन्हा ठेवताना मी पाहिल्या आहेत. स्वतःच्याच घराच्या दारात तुमच्या आईवर ती वेळ येऊ नये. कुलूप घ्याच, पण किल्लीनेही उघडणारं आणि आकड्यांचं. आत सेल संपले तर बाहेरून बॅटरी टेकवून उघडायची सोय त्यात आहे का ते पाहा. आणि एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवा.

आता तुमच्या पत्नीबद्दल. ‘तिला तंत्रज्ञानात रस नाही’ हे वाक्य मला पटलं नाही. तुम्हीच सांगितलंत की तिने दोन गोष्टी मागितल्या, ओट्यावर जास्तीचे प्लग आणि सामानाला माळा. सकाळी साडेसहाला एका बाजूला मिक्सर, दुसऱ्या बाजूला इंडक्शन, पाण्याचा फिल्टर चालू, आणि डबा भरून सातला शाळेत निघायचं, हे जिला रोज करायचंय ती ओट्यावर चार पॉइंट मागते. त्यातला एक तरी १६ अँपिअरचा हवा. ही अगदी विचारपूर्वक केलेली तांत्रिक मागणी आहे. शिवाय काँक्रीटची भिंत न खोदता आणि किचन ट्रॉली बसायच्या आधीच ती पुरी करावी लागते. तुमच्या यादीतल्या कुठल्याही ओळीपेक्षा तिची ओळ जास्त निकडीची होती. ती घाई करते असं तुम्ही म्हणता, मला तर तिच्या बोलण्यात नेमकेपणा दिसतो. तिची माफी मागा, आणि मागताना हेच कारण सांगा.

आणखी एक, थोडं जवळचं विचारते. २० वर्षांचा हप्ता मानेवर घेतल्यावर कुणालाही धास्ती वाटते. घर घेतलं ते बरोबर केलं का, नोकरी टिकेल का, आईला इथे करमेल का, यांची उत्तरं आज कुठेच मिळत नाहीत. राउटरची तुलना मात्र पूर्ण करता येते, तिथे बरोबर उत्तर असतं. मोठ्या निर्णयाची धास्ती मग लहान निर्णयांवर येऊन बसते, आणि रोज रात्री एक ओळ वाढवली की जरा बरं वाटतं. तुमच्या पत्रात राउटरवर दोन पानं आहेत आणि कर्जावर एकच वाक्य. ते वाक्य पत्नीजवळ बोला. तिचीही सही आहे त्या कर्जावर, आणि बहुतेक तिलाही रात्री झोप लागत नसेल.

थांबण्याचा खर्चही मांडून बघा. दोन महिन्यांचं भाडं ४४ हजार झालं. तुमच्या यादीतल्या सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त राउटरमधला फरक याच्या जवळपासही नाही. पण पैशांहून मोठी बाब कायद्याची आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे बांधकामातला दोष ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांत दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. ते घड्याळ तुम्ही राहायला जाल त्या दिवसापासून मोजत नाहीत, ताबा मिळाला त्या दिवसापासून मोजतात. तुमचं काम टेस्टिंगचं, आधी सगळे दोष शोधायचे आणि मग पुढे पाठवायचं अशी सवय. घराला ती पद्धत लागू पडत नाही. बाथरूमचा उतार अंघोळ केल्यावर कळतो, खिडकीची गळती पहिल्या मोठ्या पावसात. राहायला गेल्याशिवाय हे टेस्टिंग सुरूच होत नाही. जे सापडेल त्याचे फोटो काढा, तारखेसह ईमेलने बिल्डरला कळवा, नुसत्या फोनवर राहू नका.

मग आता काय करायचं? तारीख आधी ठरवा, आणि ती आईंना ठरवू द्या. त्या पंचांग बघतील, वास्तुशांतीचा मुहूर्त काढतील, आणि ती तारीख कुठल्या कंपनीच्या नव्या घोषणेसाठी पुढे ढकलता येणार नाही. तोपर्यंत फक्त भिंतीतलं उरका. अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा; वायरमन अजून त्याला ईएलसीबीच म्हणतात. तो नसेल तर आजच्या आज बसवा, बाकी सगळं राहिलं तरी चालेल. ज्या बोर्डांवर पुढे कधी स्मार्ट स्विच लावावेसे वाटतील तिथे न्यूट्रल वायर पोचली आहे का विचारा. बेडच्या उशाशी असलेल्या टू-वे बटणांपाशी ती बऱ्याचदा नसते. एसी आज घ्या किंवा दोन वर्षांनी, त्याच्या नळीची वाट आणि पाणी जायचा उतार रंगाच्या आधी नक्की करा. काम चालू असताना, पाइप आणि वायरी दिसत असताना, प्रत्येक भिंतीचा फोटो टेपसकट काढून ठेवा.

वस्तूंपैकी पंखे मात्र लगेच चांगले घ्या. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. घरात चार पंखे, हिशोब तुम्हीच करा. पाण्याचा फिल्टर घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा, कारण तुमच्या भागात नळाचं आणि टँकरचं पाणी वेगवेगळं असतं. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर क्षार काढण्यासाठी आरओची गरज पडत नाही, आणि आरओ बरंच पाणी मोरीत सोडतो. एसीचे तारे मोजत बसू नका. ते निकष दर काही वर्षांनी कडक होतात, २०१८ मध्ये झाले, २०२२ मध्ये झाले. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो, वर्षाला १६०० तास धरून काढलेला. तोच दोन मॉडेलांत ताडून बघा.

बाकी सगळं, म्हणजे कॅमेरे, सेन्सर, बोलून लागणारे दिवे, राहायला गेल्यावर तीन महिने काहीच घेऊ नका. तोवर दुपारचं ऊन कुठल्या खोलीत येतं, रात्री आईंना बाथरूमला जाताना कुठे चाचपडावं लागतं, हे दिसेल. कदाचित तिथे हालचाल ओळखून लागणारा, प्लगमध्ये बसणारा छोटा दिवा लावाल. तंत्रज्ञानाची तुमच्या घरातली पहिली खरी मदत ती असेल, आणि ती ओळखायला तुमच्या वाचनाचा उपयोग होईल. घेतलेल्या वस्तूची किंमत पुढचं वर्षभर पुन्हा बघू नका.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठीही थोडं लिहिते. जुना, रीसेलचा फ्लॅट घेतला असेल तर सुरुवात वायरिंगपासून करा, निदान मुख्य बोर्ड आणि अर्थिंग. भाड्याच्या घरात असाल तर जे उचलून नेता येतं तेवढंच घ्या. गावाकडे घर बांधत असाल तर तुम्ही सगळ्यात नशीबवान. प्लास्टर व्हायच्या आधी रिकामे पाइप टाकून घ्या, खर्च किरकोळ येतो. आणि पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो, तो राहू देऊ नका.

या शनिवारी वायरमनला नव्या घरी बोलवा. पत्नीला बरोबर न्या आणि खडू तिच्या हातात द्या, ओट्यावरच्या खुणा तिला करू द्या. आईंना फोन लावून विचारा, देवघर कुठल्या भिंतीला आणि समईच्या वर दिवा किती उंचीवर. त्या सांगतील तिथे तुम्ही टेप धरा.